चुकलेल्या घटकेचे मोल

लग्नाचा मुहूर्त आणि आगगाडी कोणासाठी थांबत नाहीत, असे आमच्या लहानपणी वडील माणसे सांगत असत. त्यांपैकी आगगाडीविषयीचे म्हणणे पुढे अनुभवाने खोटे ठरले. ती पुष्कळदा वाटेल तिथे आणि वाटेल तितका वेळ थांबते. मुहूर्ताविषयीचे म्हणणे मात्र अक्षरशः खरे आहे, हे मला वयाची साठी उलटल्यावर आणि तेही परमुलखात कळून चुकले.

त्याचे असे झाले. २०२३ च्या डिसेंबरात माझ्या भाचीचे लग्न ठरले. मुलगी पोर्तुगालमधील पोर्तो शहरी नोकरीला. जावईबापूही तिथेच नोकरी करणारे. दोघांनाही रजा मिळण्याची मारामार. तेव्हा लग्न तिथेच करावे असे ठरले. ताई महिनाभर आधीच जाऊन राहिली होती. मेहुणे जाऊन सहा वर्षे झालेली. त्यामुळे नवरीला बोहल्यावर घेऊन येणारा मामाही मीच आणि कन्यादानही आम्ही उभयतांनीच करायचे, असे ताईने आधीपासून सांगून ठेवले होते. मुहूर्त गोरज, सायंकाळी ५ वाजून १२ मिनिटांनी. आम्ही पहाटे मुंबईहून निघून, मध्ये युरोपातील एका मोठ्या विमानतळावर विमान बदलून, सकाळी ११ च्या आत पोर्तोला पोहोचणार होतो. सहा तास हाताशी होते. एक दिवस आधी निघा, असे पत्नी म्हणाली होती. मी ऐकले नाही. हा माझा अपराध मी आधीच कबूल करतो, कारण घरात तो दररोज कबूल करावा लागतो.

मुंबईला विमानात बसलो आणि सामानकप्प्याच्या दारात काही बिघाड झाल्याची वार्ता आली. विमान १ तास १० मिनिटे उशिरा निघाले. मधल्या मुक्कामी आम्ही दोघे, हातात रुखवताच्या लाडवांचा डबा घेऊन, वयाला न शोभेल असे धावलो. पुढच्या विमानाचे दार बंद होऊन चार मिनिटे झाली होती. विमान काचेतून समोर दिसत होते. त्याला अजून शिडीसुद्धा लागलेली होती. पण बंद झालेले दार उघडत नाही, हा तिथला रिवाज. दुपारच्या विमानात जागा नव्हती. तिसऱ्याच एका शहरावरून वळसा घालून आम्हांला पाठविण्यात आले, आणि आम्ही पोर्तोला उतरलो ते रात्री ८ वाजून २५ मिनिटांनी. सत्तर मिनिटांच्या उशिराचे साडेनऊ तास झाले होते.

दुपारी मी ताईला फोन करून हे सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझा इलाज नाही. पण मुहूर्त टळू द्यायचा नाही. मीच उभी राहते."

जुन्या काळी लग्नघरी पाण्याच्या पातेल्यात घटिकापात्र सोडीत. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. २४ मिनिटांत ती भरून बुडे, म्हणजे एक घटका झाली. भटजी तिच्याकडे डोळे लावून बसत. समर्थ रामदास 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझ्यावर तो शब्द ऐकायलासुद्धा न पोहोचण्याची पाळी आली. ज्या समाजाने घटका मोजायला तांब्याची वाटी केली, त्या समाजातल्या माणसाला गेलेल्या वेळेचे मोल काय ते वेगळे सांगायला नको. पण हे मोल कायद्याला केव्हा कळले, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता.

तो पडण्याचे कारण एक पत्र. लग्नानंतर चार दिवसांनी भाची म्हणाली, "मामा, तू जन्मभर इतिहास शिकवलास, मोडी कागद वाचलेस. आता हा तिकिटाचा कागद वाच आणि नुकसानभरपाई माग." मी अर्ज केला. विमानकंपनीचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. त्याचा मथितार्थ असा : आपले विमान मुंबईहून केवळ ७० मिनिटे उशिरा निघाले, तीन तासांच्या आतील उशिराला भरपाई नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. हिशेब वरवर बिनचूक होता. तरीही माझे साडेनऊ तास गेले होते. मग हे उरलेले आठ तास वीस मिनिटे कोणाच्या खात्यावर मांडायचे? या एका प्रश्नापायी मी जो शोध केला, तो दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

* * *

प्रवाशाचे कनेक्शन चुकणे हे दुखणे विमानाहून पुष्कळ जुने आहे. ते आगगाडीबरोबर जन्माला आले. कारण एका गाडीची वेळ दुसऱ्या गाडीच्या वेळेला बांधलेली असावी, ही कल्पनाच आगगाडीने आणली. बैलगाडीच्या प्रवासात चुकण्यासारखे पुढे काही नसे.

इंग्लंडातील १८७६ सालचा एक खटला या बाबतीत फार बोलका आहे. एका गृहस्थाने लिव्हरपूलहून स्कारबरोचे पहिल्या वर्गाचे तिकीट काढले. पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे लीड्सला त्याची पुढची गाडी चुकली. कसाबसा तो यॉर्कला आला, तर तिथेही स्कारबरोची गाडी निघून गेलेली. गृहस्थ मोठा बाणेदार. त्याने यॉर्कहून स्वतःसाठी स्वतंत्र खास गाडी मागविली, तिचे साडेअकरा पौंड मोजले, आणि रेल्वे कंपनीवर दावा लावला. खालच्या कोर्टात तो जिंकला. वरच्या कोर्टाने निकाल फिरविला. कंपनीकडून कसूर झाली हे न्यायाधीशांना मान्य होते. पण त्यांनी एक कसोटी लावली. हीच गाडी या गृहस्थाच्या स्वतःच्या चुकीने चुकली असती, आणि खर्च ज्याच्या माथी मारावा अशी कंपनी समोर नसती, तर त्याने स्वतःच्या खिशातून खास गाडी केली असती काय? स्कारबरोला त्याचे असे कोणते निकडीचे काम अडले होते? तसे काही दिसेना. म्हणून साडेअकरा पौंड बुडाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, दुसरा एक खटला झाला होता. नवरा, बायको आणि दोन लहान मुले मध्यरात्रीच्या गाडीने हॅम्प्टन कोर्टला निघाली. गाडी गेली भलत्याच फाट्यावर आणि तिने त्यांना ईशर स्थानकावर उतरविले. गाडीघोडा मिळेना, खानावळीत जागा मिळेना. पावसात चार-पाच मैल चालत सगळे घरी आले. बाईला सर्दीपडसे होऊन आजारपण आले. ज्यूरीने एकंदर २८ पौंड देवविले : ८ पायपिटीबद्दल आणि २० बाईच्या आजाराबद्दल. वरिष्ठ न्यायालयाने ८ पौंड कायम ठेवले आणि २० काढून टाकले. आजारपण हा गाडी चुकल्याचा फार दूरचा परिणाम, असे त्यांचे म्हणणे पडले.

हे दोन खटले मी मुद्दाम सविस्तर सांगितले, कारण पुढची पन्नास-साठ वर्षे कायदा याच चाकोरीतून चालला. उशीर झाला? काय खर्च झाला ते दाखवा. तो खर्च वाजवी होता हे पटवा. तो फार दूरचा परिणाम नाही हे सिद्ध करा. वेळ गेला तो गेलाच. त्याला स्वतःची अशी किंमत नव्हती. किंमत होती ती पावतीला.

* * *

मग माणूस आकाशात उडू लागला. आपल्या देशातील विमानवाहतुकीचा आरंभच मुळी एका कनेक्शनपासून झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. इंग्लंडहून टपाल घेऊन येणारे इंपीरियल एअरवेजचे विमान कराचीपर्यंत येई. तिथून ते टपाल पुढे न्यावे म्हणून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून आपले चिमुकले पुस मॉथ विमान हाकारले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहू येथे उतरविले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बळ्ळारीवरून मद्रासला नेले. म्हणजे भारताच्या विमानवाहतुकीचा पहिला उतारू होता टपालाची थैली, आणि ती होती कनेक्शनची!

त्याच्या तीन वर्षे आधी, १२ ऑक्टोबर १९२९ रोजी, वॉर्सा शहरी निरनिराळ्या राष्ट्रांनी हवाई वाहतुकीच्या जबाबदारीचा एक करार केला होता. विमानकंपन्या तेव्हा बाल्यावस्थेत होत्या. एखाद्या अपघाताने त्यांचे दिवाळे वाजू नये अशी सर्वांनाच काळजी. म्हणून प्रवासी दगावला किंवा जायबंदी झाला तर जास्तीत जास्त १ लाख २५ हजार सोन्याचे फ्रँक, सामान गहाळ झाले तर किलोमागे २५० फ्रँक, अशा मर्यादा घालण्यात आल्या. हिंदुस्थानात हा करार १९३४ च्या कायद्याने लागू झाला. देहाची किंमत ठरली, पेटीचीही ठरली. आणि उशिराचे काय? त्याच्या वाट्याला कराराचे एकोणिसावे कलम आले, तेही एका वाक्याचे. उशिरामुळे जे नुकसान होईल त्याला वाहतूकदार जबाबदार राहील, इतकेच ते सांगते. पुढच्याच कलमात, शक्य ती सर्व दक्षता घेतली होती असे दाखविता आल्यास जबाबदारी नाही, अशी पळवाटही ठेवलेली. शिवाय नुकसान सिद्ध करायचे ते प्रवाशाने. म्हणजे पुन्हा पावती आलीच.

वॉर्साच्या जागी पुढे १९९९ साली माँट्रिअलचा करार आला. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यात उशिराच्या नुकसानीची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ४,१५० एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात, ठरविण्यात आली. ती नंतर वेळोवेळी वाढली. परंतु 'नुकसान दाखवा' हा सूर तोच राहिला. माझ्या भाचीच्या कन्यादानाची पावती मी कोठून आणणार होतो?

* * *

हा सूर बदलायला एका चिडलेल्या माणसाचे निमित्त झाले, असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेत ग्राहकांच्या हक्कांसाठी झगडणारे राल्फ नेडर २८ एप्रिल १९७२ रोजी वॉशिंग्टनहून हार्टफर्डला एका सभेत बोलण्यासाठी निघाले. तिकीट हाती होते, जागा नोंदविलेली होती. पण कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली होती, आणि नेडर विमानतळावरच राहिले. गंमत अशी की कंपनीने त्यांना दुसरा मार्ग सुचविला होता : छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला जावे आणि तिथून हार्टफर्डचे विमान पकडावे. मध्ये अवधी किती, तर दहा मिनिटे. नेडर यांनी तो मार्ग नाकारला. कनेक्शन चुकण्याची भीती त्यांनाही सुटली नाही. ते बॉस्टनला उतरून मोटारीने पुढे गेले आणि नंतर त्यांनी कंपनीला कोर्टात खेचले. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, जास्त तिकिटे विकतो हे प्रवाशापासून लपविले म्हणून असा दावा लावता येतो, असा निर्णय दिला. नेडर यांच्या हाती शेवटी किती पैसे पडले हा मुद्दा गौण आहे. तिकीट विकणारा आणि तिकीट घेणारा यांच्यात एक वचन असते आणि ते मोडले तर जाब विचारता येतो, ही गोष्ट चव्हाट्यावर आली.

युरोपने हाच धागा उचलला. ४ फेब्रुवारी १९९१ च्या नियमाने, जागा असूनही विमानात न घेतलेल्या प्रवाशाला ठरीव रक्कम मिळू लागली : ३,५०० किलोमीटरपर्यंत १५० एकू, त्यापुढे ३००. (एकू म्हणजे युरोच्या आधीचे हिशेबी चलन.) इथे 'ठरीव' हा शब्द महत्त्वाचा. पावती नको, पुरावा नको, तुमचे काम निकडीचे होते की नव्हते ही चौकशी नको. १८७६ च्या त्या न्यायाधीशांनी हे ऐकले असते तर कपाळाला हात लावला असता.

पुढे ११ फेब्रुवारी २००४ रोजी नवा नियम झाला आणि १७ फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आला. त्याचा अनुक्रमांक २६१. अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. जागा नाकारली तरी आणि ऐनवेळी विमान रद्द केले तरी. युरोपातून निघणारे कोणतेही विमान त्यात येते. बाहेरून युरोपात येणारे विमान मात्र युरोपीय कंपनीचे असावे लागते. आमचे तसे होते. पण उशिराच्या बाबतीत या नियमाने फक्त चहापाणी, जेवण, मुक्काम यांची सोय सांगितली होती. रोख रकमेचा शब्दही नव्हता. मग तीन तासांची ती भाषा आली कोठून?

ती आली लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयातून. टोरोंटोहून फ्रँकफुर्टला निघालेल्या एका कुटुंबाला सुमारे २५ तास उशीर झाला. विमान रद्द झाले नव्हते, नुसते उशिरा निघाले, असे कंपनीचे म्हणणे. १९ नोव्हेंबर २००९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. त्याचा गाभा कोणत्याही गृहिणीला पटेल असा आहे. ज्याचे विमान रद्द झाले त्याचा वेळ गेला. ज्याचे उशिरा आले त्याचाही वेळच गेला. गेलेला वेळ परत येत नाही, मग त्याला नाव काहीही द्या. रद्द झालेल्या विमानाच्या प्रवाशाला तीन तास गमावल्याबद्दल भरपाई मिळत असेल, तर तीन तास वा अधिक उशिरा पोहोचणाऱ्यालाही ती मिळाली पाहिजे. इथे प्रथमच गेलेल्या वेळेला, निव्वळ वेळ म्हणून, मोल मिळाले.

हे तीन तास मोजायचे तरी केव्हापर्यंत? साल्झबुर्गहून कलोनला जाणाऱ्या एका विमानाची चाके जमिनीला लागली तेव्हा २ तास ५८ मिनिटे उशीर झाला होता. ते जागेवर उभे राहिले तेव्हा ३ तास ३ मिनिटे. कंपनी चाकांकडे बोट दाखवी, प्रवासी दाराकडे. ४ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले, दार उघडून माणसाला बाहेर पडता येईल तेव्हाच तो पोहोचला. तोवर तो बंदिस्तच. आमचे घटिकापात्र पाहणारे भटजी या निर्णयावर खूष झाले असते.

* * *

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. सत्तर मिनिटांचे साडेनऊ तास झाले, तर मोजायचे काय : निघतानाचा उशीर की पोहोचतानाचा?

जर्मनीतील एक बाई १६ मे २००६ रोजी ब्रेमेनहून निघाल्या. पॅरिसला आणि साओ पावलोला विमाने बदलून दक्षिण अमेरिकेतील पराग्वेची राजधानी आसुन्सियॉन गाठायची होती. ब्रेमेनचे विमान अडीच तासांच्या आतबाहेर उशिरा निघाले, म्हणजे तीन तास झाले नव्हते. पण पॅरिसला पुढचे विमान चुकले, मग त्यापुढचेही, आणि बाई मुक्कामी पोहोचल्या त्या ११ तास उशिरा. कंपनीने दिलेले उत्तर मला आलेल्या उत्तराचेच थोरले भावंड होते. खटला वर वर चढत २६ फेब्रुवारी २०१३ रोजी लक्झेंबर्गच्या मोठ्या पीठापुढे निकाली निघाला. न्यायालयाने म्हटले, उशीर मोजायचा तो अखेरच्या मुक्कामी. निघताना किती उशीर झाला याला भरपाईच्या दृष्टीने महत्त्व नाही.

हे वाचले तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. मी पत्नीला उठवून सांगितले. ती म्हणाली, "हे सांगायला कोर्ट कशाला हवे? माणूस कुठे निघाला होता ते विचारायचे, कुठून निघाला ते नव्हे." आणि कूस बदलून झोपली.

दीडशे वर्षांच्या या हकीकतीचे सार मला त्या वाक्यात सापडले. तिकीट म्हणजे अमुक विमानातील अमुक खुर्ची, असे कंपनीला वाटत आले. प्रवाशाच्या मनात मात्र खुर्ची कधीच नसते. त्याच्या मनात मुक्काम असतो. तिथे वाट पाहणारे माणूस असते. कायद्याने हळूहळू, खटल्यामागून खटला करीत, खुर्चीवरून नजर काढून मुक्कामावर नेली. २०१८ आणि २०१९ च्या निर्णयांनी तर एकाच नोंदणीवरचा सारा प्रवास अखंड मानला. प्रागहून अबू धाबीमार्गे बँकॉकला निघालेल्या ११ प्रवाशांना दुसऱ्या टप्प्यात, भलत्याच कंपनीच्या विमानाने, ४८८ मिनिटे उशीर केला. तरीही ज्या पहिल्या कंपनीकडे नोंदणी होती तिच्याकडे भरपाई मागता येते, असे ठरले.

मी दुसरे पत्र लिहिले आणि त्यात २६ फेब्रुवारी २०१३ ही तारीख घातली. उत्तर आले : उशीर झाला हे खरे, पण तो तांत्रिक बिघाडाने, म्हणजे असाधारण परिस्थितीत झाला. नियमात तशी सवलत आहे खरी. पण तिचाही इतिहास निघाला, आणि तोही कनेक्शन चुकल्याचाच! २८ जून २००५ रोजी व्हिएन्नाहून रोममार्गे ब्रिंडिसीला जाणाऱ्या तिघांच्या कुटुंबाचे विमान सुटण्याच्या पाच मिनिटे आधी इंजिनातील दोषामुळे रद्द झाले. दुसऱ्या विमानाने त्यांना रोमला पोहोचविले ते पुढचे विमान सुटल्यावर वीस मिनिटांनी. २२ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने सांगितले की यंत्र बिघडणे हा विमान चालविण्याच्या धंद्याचाच एक भाग आहे. निव्वळ बिघाडाला असाधारण म्हणता येणार नाही. ज्वालामुखी मात्र असाधारण. २०१० च्या एप्रिलात आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद केले तेव्हा रोख भरपाईचा प्रश्न नव्हता. तरी अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाखाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च कंपनीनेच सोसला पाहिजे, असे २०१३ साली ठरले.

तिसऱ्या पत्राचे उत्तर गोड होते : रोख रकमेऐवजी पुढील प्रवासाची कुपने घ्या. प्रवाशाच्या सहीच्या संमतीवाचून कुपन देता येत नाही, असे नियम सांगतो. मी सही केली नाही. अर्ज केल्यापासून सातव्या महिन्यात आम्हा दोघांचे मिळून १,२०० युरो, म्हणजे त्या वेळचे लाखाच्या वर रुपये, खात्यात जमा झाले.

* * *

आपल्याकडे काय, असे वाचक विचारतील. भारतात ऑगस्ट २०१० पासून नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. विमान आगाऊ सूचनेशिवाय रद्द झाले तर, २०१६ च्या सुधारणेप्रमाणे, उड्डाणाच्या लांबीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा एका बाजूचे मूळ भाडे व इंधन-आकार, यांपैकी कमी असेल ते द्यायचे. त्याच तिकीट-क्रमांकावरचे पुढचे विमान चुकलेल्यांचाही त्यात उल्लेख आहे. नुसत्या उशिराला त्यात फराळपाणी, आणि उशीर सहा तासांवर गेल्यास दुसरे विमान किंवा पैसे परत अशी सोय आहे. गेलेल्या वेळेची ठरीव रक्कम त्यात नाही. तिथे ग्राहक आयोगाचा दरवाजा ठोठावावा लागतो.

तो दरवाजा उघडतो, याचे उदाहरण मात्र मोठे सुरेख आहे. ११ जून २०१६ रोजी एक गृहस्थ कुटुंबासह अजमेर–जम्मू एक्सप्रेसने जम्मूला निघाले होते. गाडी चार तास उशिरा पोहोचली आणि त्यांचे श्रीनगरचे विमान चुकले. त्यांनी १५ हजार रुपये मोजून टॅक्सी केली. यॉर्कहून खास गाडी करणाऱ्या त्या बाणेदार गृहस्थाचा हा भारतीय वारसदारच म्हणायचा. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला विचारले की उशीर का झाला, त्याचे कारण दाखवा. दाखविता आले नाही. टॅक्सीचे पैसे आणि मनस्तापाची भरपाई कायम झाली. १८७६ साली जे साडेअकरा पौंड बुडाले ते १४५ वर्षांनी अशा रीतीने वसूल झाले, असे मी माझ्यापुरते मानतो.

युरोपातही ही लढाई संपली असे नाही. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सदस्य-राष्ट्रांच्या मंत्र्यांनी तीन तासांची मर्यादा वाढवून जवळच्या प्रवासाला चार आणि दूरच्याला सहा तास करावी अशी भूमिका घेतली. घटकेचे मोल एकदा ठरले म्हणजे कायमचे ठरले, असे इतिहासात कधी होत नाही.

घरच्या वाचकांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. सारा प्रवास एकाच नोंदणीवर असावा. वेगवेगळी तिकिटे काढली तर पुढचे विमान चुकल्याचा दोष आपल्या पदरी येतो. विमानात चढतानाचा पास टाकून देऊ नये. दार उघडले तेव्हा घड्याळ पाहावे. आणि लग्नाला एक दिवस आधी निघावे.

* * *

आता शेवटचे. ठरीव रकमेचा गुण असा की ती काही विचारीत नाही. शेजारच्या खुर्चीवरचा तरुण सुट्टी संपवून घरी चालला होता. त्याचीही पुढची गाठ चुकली असेल तर त्यालाही तेवढेच मिळणार, आणि ज्याच्या हातून कन्यादान व्हायचे त्यालाही तेवढेच. हा अन्याय आहे काय? मला आधी तसे वाटले. पण माझे नेमके काय गेले, हे कोर्टाने विचारले असते तर मी काय सांगितले असते?

आम्ही रात्री कार्यालयात शिरलो तेव्हा पंगत उठत आली होती. लग्न लावायला लिस्बनहून आलेले गुजराती शास्त्रीबुवा निघण्याच्या तयारीत होते. मामाच्या जागी भाचीच्या घरमालकांना, एका सत्तरीच्या पोर्तुगीज आजोबांना, उभे केले होते. ते फेटा सावरीत बसले होते आणि तो उतरवायला तयार नव्हते. ताई समोर आली. गेली सहा वर्षे हळदीकुंकवाला, बारशाला, कुठेही पुढे न होणारी, मुलीच्या लग्नातही मागच्या रांगेत उभी राहीन असे आधीच सांगून ठेवलेली माझी ताई. मुलीचा हात तिने स्वतःच्या हाताने जावयाच्या हाती दिला होता. शास्त्रीबुवांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही.

मी क्षमा मागू लागलो. ती म्हणाली, "तू वेळेवर आला असतास, तर मला कोणी पुढे बोलावले नसते. मीही गेले नसते."

तिच्या हाताला अजून हळद लागलेली होती. पत्नीने डबा उघडून तिला रुखवतातला लाडू दिला, आणि ती तो उभ्या उभ्याच खाऊ लागली.

१,२०० युरो मी भाचीला आहेर म्हणून पाठविले. तिने त्यांतून आईचे पुढच्या वर्षीचे पोर्तोचे तिकीट काढले. मध्ये विमान न बदलता मुंबईहून पोर्तोला जाता येत नाही. म्हणून मी मधला अवधी स्वतः पाहून घेतला. तो पाच तासांचा आहे.